करपटवाडीनं परदेशाला हरवलं

सरकार नोकरांच्या पगारावर किती खर्च करतं, याची आपल्या देशाची आणि एका थंड, श्रीमंत परदेशाची तुलना करायला एक समिती नेमली गेली. परदेशानं तीनशे बारा लोकवस्तीचं एक गाव नमुन्याला दिलं. इकडं बरोब्बर तीनशे बारा डोकी भरली ती घाटमाथ्यावर, आहुप्याच्या वाटेवरच्या करपटवाडीत. यात करपटवाडीचा काही दोष नव्हता.

तुलना अधिकारी भगवंतराव मंचरहून जीपनं निघाले आणि घाटाच्या वळणांनी गाडी लागल्यामुळं तोंडात लिंबू धरूनच उतरले. शाळेपुढं धोंडाबाई पोरांची खिचडी ढवळत होती.

"बाई, दोन देशांची तुलना करायचीय. गावातले सरकारी नोकर बोलवा."

"एक देश म्हंजी मंचरकडचा, त्यो ठावं हाय. दुसरा कंचा? खाली तर कोकन हाय!"

भगवंतरावांनी लिंबू दुसऱ्या गालात सरकवलं आणि सगळं समजावलं. त्यातला एकच शब्द धोंडाबाईच्या कानात बसला, कर्मचारी. त्या रकान्यात एकदा नाव चढलं की पगार, आणि म्हातारपणी पेन्शन, हे तिला पक्कं ठाऊक. एकोणीस वर्षं बाई त्या रकान्याकडं डोळे लावून होती. पदराला हात पुसून ती पुढं झाली.

"शाळेचं जेवण कोण शिजवतं?"

"मीच की."

"अंगणवाडीत मदतनीस?"

"मीच."

"पाण्याची मोटर?"

"चावी माझ्याच कमरंला हाय, बघा."

"ग्रामपंचायतीची झाडलोट, दवंडी?"

"दवंडी आता मोबाइलवर जाती. पर मोबाइल माझाच."

भगवंतराव हरखले. "अहो, परदेशात एवढ्याच कामांना नऊ माणसं आहेत! पगारी! आणि या नवांची रजा मंजूर करायला दहावा."

"मंग मला चार तरी पगार लिवा, राव."

"पगार?" भगवंतरावांनी बॅगेतून नियमांचं पुस्तक काढलं. "तुम्हाला मिळतं ते मानधन. मानधन घेतो तो मानसेवी, आणि मानसेवी म्हणजे कर्मचारी नव्हे. तुम्ही चारही ठिकाणी स्वखुशीनं येता, असं शासन मानतं."

"आन् न्हाई आले तर?"

"कारणे दाखवा नोटीस."

"स्वखुशीला उशीर झाला म्हनून?"

"बरोबर समजलात!"

धोंडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मान तुमी ठिवून घ्या सायेब, मला नुसतं धन द्या!"

हे वाक्य भगवंतरावांना लई आवडलं. अहवालात त्यांनी ते 'ग्रामस्थांचा उत्साह' या मथळ्याखाली घातलं. त्याच्या वर आकडे होते. परदेशी गाव, कर्मचारी दहा. करपटवाडी, कर्मचारी शून्य, कामं सगळी वेळेवर. शून्याच्या खाली कुठल्या देशाला जाता येणार? आपण जिंकलो.

परदेशानं तोंडात बोटं घातली. मानधनाला त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता, तो त्यांनी आहे तसा उचलला. मग आपल्या दहाही माणसांना एकेक शाल देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्वखुशीनं बोलावलं. आभार मानायला त्यांचं शिष्टमंडळ थेट करपटवाडीत आलं. वाडीला 'वेतनमुक्त ग्राम' पुरस्कार मिळाला. मांडव झाडला धोंडाबाईनं, दीडशे पानांचा स्वयंपाक केला धोंडाबाईनं, आणि शेवटी तिलाही एक शाल अन् नारळ मिळाला. फोटोत ती हसलीसुद्धा, कारण फोटोवाल्यानं तसं सांगितलं.

संध्याकाळी घरी येऊन ती उंबऱ्यावर मटकन बसली आणि तिचा बांध फुटला. "एकोणीस वर्सं राबले गं आरती! राबणाऱ्याला नोकर म्हनायला ह्यांची जीभ झडती का? काम गोड लागतं, आन् नाव घ्यायचं म्हनलं की स्वखुशी!"

आरती तिची सून. पहाटेपासून तिनं पाणी भरलं होतं, म्हशीची धार काढली होती, भाताच्या खाचरात कंबर मोडून आली होती आणि आता चुलीवर भाकरी टाकत होती.

"खरंय आत्या," ती म्हणाली. "पर मंग घरात मी दिसभर राबते, मला काय म्हनायचं?"

धोंडाबाईचा राग कुठल्या कुठं पळाला. तिनं मायेनं पुरस्काराची शाल सुनेच्या खांद्यावर टाकली.

"तू व्हय? तुजी गोस्टच येगळी, बाय. तू तर घरचीच!"

आरतीनं भाकरी उलटली. वाचकांपैकी कुणाच्या घरी 'घरची' हे पद रिक्त असल्यास समितीला कळवावं. समितीला असं घर अजून सापडलेलं नाही.