अर्धी भिंत बाबांची

दातांच्या डॉक्टरांना वेटिंगरूमच्या भिंतीवर कविता हवी होती, तीही पेशंटची भीती घालवणारी. पाट्या रंगवणारा पेंटर म्हणाला, "यमक हवंच." त्याची लेक म्हणाली, "बाबा, यमक आता फक्त टूथपेस्टला लागतं. मुक्तछंद." दोघंही हट्टाला पेटली. "ज्याची कविता भिंतीवर राहील, त्याच्या हाती आपलं पाट्यांचं दुकान," पेंटरनं जाहीर करून टाकलं. डॉक्टरांनी सुटका म्हणून अर्धी अर्धी भिंत वाटून दिली.

दोघांनी मिळून सुतानं खडूच्या रेघा मारल्या, मध्ये चादर टांगली आणि दिवसभर एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. रेघा मात्र भिंतभर एकच होत्या. सकाळी चादर निघाली आणि पहिल्या पेशंटनं डावीकडून उजवीकडे, सरळ वाचलं:

"भिऊ नका, डॉक्टर थोर, आत गेलेली माणसं
वेदनेचा तुटेल दोर, परत येत नाहीत."

तीन पेशंट उठून गेले. चौथे आजोबा गाल धरून बसले होते. "दुखायचं थांबलं बरं का," म्हणत तेही जिना उतरले.

"आत म्हणजे काळजात! ती आठवणींबद्दल आहे!" लेक कळवळून म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत एकच कविता ठेवा," डॉक्टर ओरडले. "कुठली ते तुम्ही ठरवा!"

ठरवायचं काय होतं? पेंटरनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि लेकीची कविता पुसायला घेतली. लेकीनं दुसरा डबा उघडून बापाची घेतली. पाठीला पाठ लावून दोघंही इमानदारीनं राबली. वळून पाहिलं तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती.

तेवढ्यात आजोबा परत आले. दाढेनं पुन्हा उचल खाल्ली होती. बाकावर बसून ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. गालावरचा हात हळूहळू खाली आला.

"ही चांगली आहे," ते म्हणाले. "सकाळच्यापेक्षा कळली. जरा शांत वाटलं." आणि कुणी न बोलावता आत गेले.

डॉक्टर खूश झाले. पेंटर मात्र भिंतीपुढे उभा राहिला. "यमक नाही, वृत्त नाही, आता शब्दसुद्धा नाही. म्हणजे तुझीच." त्यानं खिशातून दुकानाची किल्ली काढून लेकीच्या हातावर ठेवली.

लेकीनं किल्ली घेतली. भिंतीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग डोळे पुसून ठामपणे म्हणाली, "बाबा, फार मोकळी वाटते हो. खाली यमकाच्या दोन ओळी टाका."