गोळ्यांची खातरजमा

मंगळवार, सकाळचे सव्वाआठ. स्थळ: आमचं स्वयंपाकघर, शेगडी आणि फ्रिज यांच्यामधली फरशी. पाणीपुरवठा अधिकाऱ्याला फोनवर झापता झापता मी खुर्चीवरून ताडकन उठलो आणि पुढच्या क्षणी आडवा झालो. फोन चालूच होता. (माझ्याशी बोलताना आपलं वाक्य पूर्ण करायची संधी त्या अधिकाऱ्याला पहिल्यांदाच मिळाली, असं बायको म्हणते.)

आदल्या आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात हेच झालं होतं. तेव्हा संपादकाने केबिनमध्ये बोलावलं होतं. हा संपादक कधीकाळी माझ्या हाताखाली बातमीची पहिली ओळ लिहायला शिकला. त्याने फर्मावलं, की तब्येत ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर महापालिकेची बातमीदारी सोडून निधनवार्तांचं पान सांभाळा.

"त्या पानावर निदान कुणाशी भांडण होत नाही, सर," तो अत्यंत आदराने म्हणाला.

फरशीवर पडल्या पडल्याच मी निश्चय केला: याचा छडा लावायचा. मला पाडणारा कोण, ते जनतेसमोर आलं पाहिजे. संशय अर्थातच ब्लडप्रेशरच्या गोळीवर होता. वर्षापूर्वी आमच्या डॉक्टरीणबाईंनी ती सुरू केली आणि वर म्हणाल्या, "आता ही कायमची." माझ्या बाबतीत कायमचं काही कोणी परस्पर ठरवलं की माझं डोकं फिरतं. (लग्नाचा अपवाद. तिथे मला विचारलं होतं, असं बायको सांगते.)

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एका सूत्रावर विसंबून मी आयुष्यात बातमी छापली नाही. तेव्हा एका सूत्रावर विसंबून गोळी गिळणार होतो का? गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात मी गुपचूप दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. पहिल्या सूत्राचं नाव दुसऱ्याकडे फोडायचं नसतं, म्हणून तिकडे चकार शब्द काढला नाही. त्यांनीही प्रेशर मोजलं, भुवया उंचावल्या आणि गोळी लिहून दिली. नाव वेगळं, रंग वेगळा. दोन स्वतंत्र सूत्रांकडून दुजोरा मिळाला. मग मी एक सकाळी आणि एक रात्री, अशा दोन्ही घेऊ लागलो. दुसरी गोळी कॅमेऱ्याच्या जुन्या पेटीत ठेवत असे, आणि आणतही असे दुसऱ्याच दुकानातून.

मी फरशीवरून उठल्यावर बायकोने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी एकच सांगितलं, की घरातलं जे जे तोंडात टाकता ते सगळं पिशवीत घालून आणा. बायको निवृत्त गणित शिक्षिका. तिने पिशवी भरण्याच्या निमित्ताने घराची झडती घेतली. कॅमेऱ्याची पेटी सापडली तेव्हा तिने ती उघडून माझ्यापुढे ठेवली. गणित चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं फक्त बघितलं.

दवाखान्यात बायकोशेजारी मी उलटतपासणीच्या तयारीने बसलो होतो. बाईंनी पिशवी ट्रेमध्ये रिकामी केली, चष्मा वर सरकवून दोन पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली आणि दोन्ही पाकिटं माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवली.

"कंपन्या दोन, नावं दोन, औषध एकच. तुम्ही वर्षभर दुप्पट घेताय. उठल्यावर पडणार नाही तर काय होणार?"

"मग एकाच औषधाला दोन नावं देणाऱ्यांना जाब कोण विचारणार?"

"तो तुम्ही विचारा. आधी मला सांगा, कुठली औषधं चालू आहेत हे दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?"

विचारलं होतं. (मी 'नो कॉमेंट' म्हणालो होतो.)

बायकोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. माघार घेणं रक्तात नसल्यामुळे मी जाहीर केलं, की आजपासून सगळ्याच गोळ्या बंद.

"ही दुसरी चूक," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्या मनाने एकदम बंद केलीत तर प्रेशर उसळेल. मग निधनवार्तांच्या पानावर जालच, पण लिहायला नाही."

(हे बायकोने त्यांना आधीच सांगितलं होतं तर.)

मग हुकूम सुटले. एकच गोळी, एकच दुकान. घरी प्रेशर मोजायचं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की चालू असलेलं सगळं सांगायचं. दर काही महिन्यांनी येऊन गोळी अजून हवी तेवढीच आहे का, ते तपासून घ्यायचं. आणि खुर्चीतून उठताना घाई नाही. "आधी नीट बसा, मग सावकाश उठा, मग भांडा."

कागद आकडे बघूनच मिळणार होता. मी हट्टाला पेटलो. ज्या जिद्दीने आयुक्तांच्या दाराशी तासन्‌तास ठिय्या दिला, त्याच जिद्दीने दंडाला पट्टा बांधून गप्प बसलो. (बोललं की आकडा चढतो. या घरात हा नियम फक्त माझ्यासाठी आहे.) आकडे सुधारले, कागद मिळाला, संपादकाच्या टेबलावर मी तो सावकाश उभं राहून ठेवला. महापालिका माझ्याकडेच राहिली.

एक मुद्दा मात्र शिल्लक आहे. त्या दिवशी ट्रेमध्ये आणखी एक पिवळी गोळी निघाली. तिचं पाकीट नव्हतं. ती फ्रिजवरच्या बिनलेबलाच्या बाटलीतली, कित्येक महिने मी नाश्त्याबरोबर घेत होतो. मी म्हणालो, तुम्हीच दिलीत. बाई म्हणाल्या, ही माझी नाही. दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनीही हात वर केले. अखेर बायकोने ती उजेडात धरली आणि एकदम खुर्चीत बसली.

"अहो, ही आपल्या कुत्र्याची आहे. त्याचे केस गळतात म्हणून दिलेली. मी रोज तुम्हाला सांगत होते, त्याला गोळी द्या." (फोनवर भांडता भांडता मी त्यातलं 'गोळी' एवढंच ऐकत होतो.)

जीवनसत्त्वाची आहे, अपाय होणार नाही, असं बाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून सांगितलं. ती पुन्हा घ्यायची नाही, हेही बजावलं. कुत्र्याचे केस अजून गळतात. माझ्या टकलावर मात्र मधोमध लव फुटल्याचं न्हाव्याने परवा निदर्शनास आणून दिलं. हे कसं झालं, असा लेखी प्रश्न मी जनावरांच्या डॉक्टरांना पाठवला आहे. त्यांच्याकडून अद्याप खुलासा आलेला नाही.