संथ प्रवासाची घाई

शनिवारी दुपारी अवधूत पाठीवरची बॅग भरत होता आणि योगिनी दारात उभी राहून बघत होती. परभणीहून ताडकळस तासाभराच्या आत येतं. तरी अवधूतनं बॅगेत दोन टॉर्च, मच्छर पळवायची ट्यूब आणि एक शिट्टी घातली.

"शिट्टी कशाला?"

"हरवलो तर."

"ताडकळसला?"

अवधूतनं बॅगेची चेन ओढली. तो एका कार्यालयात कारकून होता आणि दोन वर्षांपासून 'संथ प्रवास' या विषयावर व्याख्यानं देत होता. अनोळखी माणसाच्या घरी राहा, ते खातात ते खा, चहाला नाही म्हणू नका, घड्याळ विसरा, असं तो सांगायचा. अशी घरं जुळवून देणारी एक वेबसाइट आहे, आज आपण त्यांच्याकडं, उद्या ते आपल्याकडं, हेही सांगायचा. हे सगळं त्यानं जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसून वाचलेलं होतं. स्वतः तो एकदाच फिरला होता, दोन दिवसांत सात देवस्थानं दाखवणाऱ्या बसनं. मागच्या व्याख्यानात एका आजोबांनी उठून विचारलं, "तुमी स्वतः कुणाकडं राह्यलात?" तेव्हा अवधूत म्हणाला होता, "वेळेअभावी आपण इथंच थांबू."

उद्या, रविवारी चार वाजता, पुढचं व्याख्यान होतं. ते आजोबा येणार होते. म्हणून एका रात्रीचा अनुभव गाठीला बांधायला हा प्रवास निघाला होता.

"हे बघा," योगिनी म्हणाली, "व्याख्यानाला अध्यक्ष आमच्या शाळेच्या संस्थेचे भगवानराव सर आहेत. ते घड्याळ समोर ठेवून बसतेत. माझ्या पर्यवेक्षकपदाचा कागद त्यांच्या टेबलावर पडलाय आणि तुम्हाला बोलवा म्हणून मीच शब्द टाकलाय. माझी फजिती करू नका."

"अकराच्या गाडीनं निघतो. बाराला घरी."

यजमान महारुद्र शेतकरी होते. त्यांच्या मुलीनं, वैष्णवीनं, वर्षापूर्वी त्यांचं घर त्या वेबसाइटवर टाकलं होतं आणि वर्षभरात कुणी फिरकलं नव्हतं. पाहुणा आज येईल, उद्या येईल म्हणून महारुद्रांनी पुढच्या खोलीला तीनदा रंग दिला होता. त्यामुळे अवधूतचं स्वागत असं झालं की तो भारावून गेला. रविवारी सकाळी उठल्याउठल्या त्यानं वहीत लिहिलं, 'मातीशी नाळ जुळली.' मग गावात चक्कर मारायला निघाला.

शेजारच्या ओट्यावरून एक धोतरवाले गृहस्थ म्हणाले, "पाव्हणं, च्या घ्या की."

आता चहाला नाही म्हणू नका, हे तर व्याख्यानातलं तिसरंच वाक्य. अवधूत बसला. चहाबरोबर धपाटे आले, दही आलं. अर्ध्या तासानं तो खुशीत परतला.

"कुठं गेल्ता?" महारुद्रांनी विचारलं.

"इथंच, शेजारी. बन्सीधररावांकडं."

महारुद्र तसेच वळून आत गेले. वैष्णवी हळूच म्हणाली, "सर, ते माझे सख्खे चुलते. चार वर्षं झाली, बोलणं न्हाई."

"का?"

"ताईच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव खाली छापून आलं, आबाचं वर. ते मोठे हायत ना. छापखान्यावाल्यानं केलं, पण आठशे पत्रिका वाटून झाल्या होत्या."

महारुद्र बाहेर आले. "काय खाल्लं तिथं?"

इथं अवधूतला खोटं बोलता आलं असतं. पण तो पडला पापभीरू. "धपाटे. दोन. आणि दही."

महारुद्रांनी बायकोला हाक मारली. "आगं ए, पुरण टाक."

"आत्ता?" कडूबाई आतून म्हणाल्या. "नऊ वाजलेत."

"आमच्या घरचा पाव्हणा तिकडं जेवून आला आन् आमी नुसत्या च्यावर लावून देवावं व्हय?"

"मला अकराची गाडी..." अवधूत म्हणाला.

"गाड्या लय हायत," महारुद्र म्हणाले.

अकरा वाजता एसटी हॉर्न देत गेली, तेव्हा डाळ शिजत होती. योगिनीचा फोन आला. "बसलात का?"

"बसलोय, पण पाटावर. एकची गाडी आहे, काळजी करू नको."

साडेबाराला चार पुरणपोळ्या आणि वाटीभर तूप पोटात घेऊन तो हात धुवायला अंगणात आला. भिंतीपलीकडं बन्सीधर उभेच होते.

"पाव्हणं, काय केल्तं तिकडं?"

"पुरणपोळी," अवधूत म्हणाला, आणि म्हणतानाच आपल्यासारखा मूर्ख परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, हे त्याला कळलं.

"म्हंजे आमी कोरड्या धपाट्यावर वाटं लावलं, आसं झालं की. या इकडं."

बन्सीधरांनी त्याला खुर्चीत बसवलं. त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, कुंकू लावलं. टोपी, टॉवेल, नारळ असा रीतसर आहेर झाला. आहेर घेऊन तोंड गोड केल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून शेवया झाल्या. शेवया गरम होत्या आणि एकची गाडी वेळेवर होती.

बॅग घ्यायला तो महारुद्रांकडं आला, तो डोक्यावर नवी टोपी घालून. महारुद्रांनी टोपीकडं पाहिलं आणि वैष्णवीला दुकानात पिटाळलं. "चांगल्यातली टोपी आण. टावेल मोठा. आन् शर्टाचं कापड." रविवारच्या दुपारी दुकानदार झोपला होता. त्याला उठवण्यात अर्धा तास गेला, कापडाचा रंग ठरवण्यात अर्धा.

"कुठं आहात तुम्ही?" योगिनीच्या आवाजात आता धार होती.

"आहेर चालू आहे."

"कुणाचा?"

"माझा."

फोन बंद झाला. भगवानरावांचं घड्याळ अवधूतला दिसू लागलं, त्याच्या शेजारी रिकामी खुर्ची आणि त्या खुर्चीकडं बघत बसलेली योगिनी. अकरा वर्षांत तिनं त्याच्याकडं मागून मागून एवढंच मागितलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो अंगणात येऊन म्हणाला, "मला खरंच जायचंय. चारला माझं व्याख्यान आहे. माझ्या बायकोच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"कशावर हाय व्याख्यान?"

"घाई करू नये, यावर."

कुणी हसलं नाही. महारुद्रांनी मोटारसायकल काढली. पलीकडून बन्सीधरांनीही काढली.

"पाव्हण्याला मी सोडतो," बन्सीधर अवधूतकडं बघत म्हणाले. "आहेर पहिला आमचा हाय, सांगा त्यांना."

"रात्रभर झोपले कुणाकडं, ते सांगा त्यांना," महारुद्रही अवधूतलाच म्हणाले.

अवधूत इकडून तिकडं निरोप सांगत राहिला. साडेतीन वाजले. शेवटी त्यानं बॅगेतून शिट्टी काढली आणि जीव खाऊन वाजवली. दोन्ही भाऊ गप्प झाले.

"दोघंही चला," तो म्हणाला. "एकाच गाडीवर. नाहीतर मी चालत जातो."

बन्सीधर चालवायला, महारुद्र मागं आणि मधे अवधूत, एका टोपीवर दुसरी टोपी घालून, कारण कुठली काढावी हे ठरवायची त्याच्यात हिंमत नव्हती. तिघांच्या वजनानं गाडी रखडत होती.

"त्येला म्हणावं, नीट धरून बस."

"ते म्हणतात, नीट धरून बसा."

"त्येंना म्हणावं, रस्त्याकडं बघा."

"ते म्हणतात, रस्त्याकडं बघा."

परभणी जवळ आली तशी महारुद्र एकदम म्हणाले, "दादा, डावीकडं घे, खड्डा हाय." बन्सीधरांनी गाडी डावीकडं घेतली. अवधूतनं सवयीनं सांगितलं, "ते म्हणतात, डावीकडं घ्या."

"ऐकलंय मी," बन्सीधर म्हणाले.

सभागृहाशी पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. आत टाळ्या वाजत होत्या. व्यासपीठावर योगिनी उभी होती, अंगावर शाल, हातात नारळ. भगवानराव आपलं घड्याळ खिशात घालत होते. अवधूतच्या दोन टोप्यांकडं त्यांनी नीट पाहिलं.

"तुमी आला न्हाईत, बरंच झालं," ते म्हणाले. "मॅडम चारला उभ्या राह्यल्या, पावणेपाचला संपवलं. तुमचं मागच्या वेळी दोन तास चाललं होतं."

"माझं व्याख्यान? तुला येतं?" अवधूतनं योगिनीला विचारलं.

"दोन वर्षं कपाटाच्या आरशासमोर म्हणायलात. पाठ झालं."

"आणि ते आजोबा?"

"विचारलं त्यांनी, कुणाकडं राह्यलात म्हणून." योगिनीनं शाल सावरली. "मी म्हणलं, अकरा वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन अनोळखी घरात गेले, ते खातात ते खाल्लं, अजून तिथंच आहे. याहून संथ प्रवास कुणी केला असंल तर हात वर करा."

"एकानंबी हात वर केला न्हाई," भगवानराव म्हणाले. "मॅडम, उद्या ऑफिसात या, तुमच्या कागदावर सही करून टाकतो. आन् पुढच्या महिन्यात पालमला हेच व्याख्यान तुमीच द्या."

अवधूतला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला हायसंच वाटलं. त्यानं दोन्ही टोप्या काढल्या आणि मागं उभ्या असलेल्या भावांची ओळख करून दिली. सगळी हकीकत ऐकून योगिनीचे डोळे भरून आले.

"चला घरी," ती म्हणाली. "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

"न्हाई, आमाला घाई हाय," दोघं भाऊ एका सुरात म्हणाले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकांकडं बघितलं.

अवधूतनं हळूच मोटारसायकलची किल्ली काढून खिशात घातली.

सहा वाजता दोघं भाऊ अवधूतच्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. चहा कधीच झाला होता.

"वहिनी, आमी निघावं म्हणतो," बन्सीधर म्हणाले. "धारा काढायच्या राह्यल्यात."

"बसा हो," योगिनी आतून म्हणाली. "आत्ताच पुरण टाकलंय."