जावईबापूंची परस मोहीम

जावईबापूंनी सासूबाईंच्या परसाची जबाबदारी अंगावर घेतली ती जेवता जेवता, आणि तीही कोणी गळ घातलेली नसताना.

"आई, उंदीर आपणहून येत नाहीत. तुमचं परस त्यांना बोलावतं. भिंतीला टेकलेली लाकडं, खिडकीवर चढलेला वेल, गुडघाभर गवत. उद्याचा दिवस द्या मला, उंदीर या घराचा पत्ता विसरतील."

विषय नाजूक होता. उंदरांनी फ्रिजची वायर कुरतडल्यापासून लेकीने आईमागे टुमणं लावलं होतं, की इथे एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल. सासूबाईंना घर सोडायचं नव्हतं. त्यांनी जावयाला आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम खरोखरच झकास झालं. गवत कापलं, वेल उतरवला, छपरावर टेकलेली फांदी छाटली. शेजारचे शिंपीकाका शिलाई सोडून कुंपणापाशी बघत उभे राहिले. आता उरला फक्त स्वयंपाकघराच्या दारालगतचा लाकडांचा ढीग.

"आधी दार लावून घ्या हं," सासूबाई म्हणाल्या.

"असू द्या, आई. सारखं पाणी प्यायला आत यावं लागतं. आणि उंदीर माणसापासून लांब पळतात."

ते अगदी खरं होतं. वरची लाकडं हलताच ढिगाखालून अख्खं बिऱ्हाड बाहेर पडलं, थोरले, मधले, बारके, सगळे. परसात कोयता घेतलेला माणूस, लपायला गवताची काडी नाही, आणि समोर सताड उघडं दार. माणसापासून लांब पळत ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. त्यांच्यामागून "आई, आई" करत जावईबापू शिरले आणि कसे कोण जाणे, थेट ओट्यावर पोचले. स्वयंपाकघरात असलेली बायको तिथे आधीच चढून बसलेली होती.

"जरा सरका," ते तिला म्हणाले.

सासूबाईंनी बाह्या सारल्या. आतल्या खोल्यांची दारं भराभर ओढून घेतली, पुढचं दार उघडलं, मग एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन पार मागच्या कोपऱ्यापासून बडवायला सुरुवात केली. ना आरडाओरडा, ना धावपळ. वरातीपुढे वाजंत्री चालतात तशा त्या वरातीमागून चालल्या होत्या. एक थोरला फ्रिजमागे दडला. त्याला त्यांनी केरसुणीने असा काही हाकलला, की तो उंबऱ्याला न शिवता बाहेर पडला.

ओट्यावरची दोघं आ वासून बघत राहिली.

"अगं, ह्या एकट्या राहतात म्हणून आपण काळजी करत होतो?" जावईबापू हळूच म्हणाले.

"मी आता काही बोलणार नाही," बायको म्हणाली. आणि खरंच, त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

संध्याकाळी जावईबापूंनी लाकडं भिंतीपासून लांब, विटांवर रचली. दार लावून. शिंपीकाका पुन्हा कुंपणापाशी आले.

"एका दिवसात सगळे उंदीर बाहेर? कोणी काढले हो?"

"आमच्या जावयांनी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

जावईबापूंची छाती फुगली. खाली बघावं की वर, हे त्यांना कळेना.

"मग उद्या आमच्याही परसात पाठवा की त्यांना."

"पाठवते ना," सासूबाई म्हणाल्या. "फक्त बरोबर मीही येईन."