खुर्चीचा श्रावण

रत्नागिरीच्या दांडेकरांच्या दिवाणखान्यात एक वेताची खुर्ची आहे आणि ती श्रावण पाळते.

पहिल्या वर्षी यात जरा घोटाळा झाला. खुर्ची घरात आली ती दिवाळीनंतर, त्यामुळे तिच्या नेमधर्माची कोणाला कल्पना नव्हती. घेताना शैलजाबाईंनी वेताची वीण बोटाने दाबून पाहिली होती, सागवानी सांधे हलवून पाहिले होते, वाळवी लागलेली नाही ना म्हणून पायांशी वाकून वासही घेतला होता. उपासतापासाचं विचारायचं तेवढं राहून गेलं. एरवी घरात येणाऱ्या पाहुण्याला त्या दारातच विचारत, "आज काही आहे का तुमचं?"

शैलजाबाईंना पन्नास-साठ सालातल्या फर्निचरची आवड. आवड कसली, नादच. गाजरासारख्या निमुळत्या पायांचं बुटकं कपाट, कोयरीच्या आकाराचा टीपॉय, सडपातळ हातांचा दोघांपुरता सोफा, तीन टोप्या घातल्यासारखा उभा दिवा, असं एकेक त्यांनी अकरा वर्षांत जमवलं होतं. या सामानाचं कौतुक करताना मासिकातले लोक काय काय लिहीत. शैलजाबाईंचं कारण सरळ होतं. या सगळ्याच्या खालून केरसुणी जाते. त्या काळच्या सुतारांच्या घरी केर काढणाऱ्या बाईला मान असला पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

अनंतरावांचं मत वेगळं होतं. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. "भिंतीला टेकून काही ठेवायचंच नाही का आपल्याकडे? सगळं वाटेत!" असं म्हणत ते कपाटाला वळसा घालून जात. पण खुर्ची आली आणि त्यांची तक्रार थांबली. त्यांचा मणका सरकलेला. सोफ्यावर दहा मिनिटं, पलंगावर पाच, की कळ मांडीपर्यंत उतरायची. या खुर्चीत मात्र ते तीन-तीन तास पेपर वाचत बसत. उलट्या व्ही आकाराचे तिचे पाय, मागे किंचित कललेली पाठ. पाठीला जणू कोणी तळहात लावून धरलंय, असं ते म्हणायचे. आठ महिने घरात शांतता होती.

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसायला गेले आणि खुर्ची वीतभर मागे सरकली.

ते पुढे झाले, ती पुन्हा सरकली. पाडलं नाही तिने. आधी पुढचे पाय उचलून सूचना दिली, मग मागे झाली. चौथ्या वेळी अनंतरावांनी तिला भिंतीशी नेऊन टेकवलं, तेव्हा ती बाजूला सरकली.

"शैला, अगं ही बसू देत नाही!"

शैलजाबाईंनी येऊन पाहिलं. त्यांनी घडी केलेली साडी तिच्यावर ठेवली. ती तिने घेतली. तांब्याभर पाणी घेतलं. त्या स्वतः बसायला गेल्या, तर अदबीने मागे झाली.

"निम्मा बसून पाहतो," अनंतराव म्हणाले. निम्म्यालाही ती तयार नव्हती.

आठवडाभर वाट पाहून अनंतरावांनी कागद घेतला. खुर्ची मुळात सरकारी होती. बैठकीखाली पांढऱ्या रंगात तिचा नंबर होता. तेव्हा गोष्ट रीतसर व्हावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लिहिलं : 'विषय : कर्तव्यात कसूर केल्याबाबत. आपण कोणतीही पूर्वसूचना न देता बसू देण्यास नकार देत आहात. तरी सात दिवसांचे आत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा आपणांस या घरातून कमी करण्यात येईल.' खाली सही करून कागद खुर्चीच्या पाठीला टाचला.

"लेखी कसा देईल हो ती?"

"तोंडी चालेल. पण खुलासा पाहिजे. मी काय जन्मभर उभा राहू?"

ते खरंच उभे होते. पेपर खिडकीच्या कट्ट्यावर पसरून वाचत, जेवण ओट्याशी. सातवा दिवस दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी संपला. खुलासा आला नाही. अनंतरावांनी कोल्हापूरच्या रज्जाकभाईंना फोन करून सांगितलं, की उद्या टेम्पो घेऊन या आणि तुमची खुर्ची घेऊन जा. रज्जाकभाई मोमीन म्हणजे जुन्या फर्निचरचे व्यापारी. खुर्ची त्यांच्याकडूनच आली होती.

शैलजाबाई तेव्हा समया घासत होत्या. चिंचेचे हात तसेच धरून त्या बाहेर आल्या. त्यांना फार वाईट वाटलं. खुर्ची सुंदर होती हे खरंच, पण त्याहून जास्त म्हणजे कारण न विचारता कोणाला घराबाहेर काढायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी हात धुतले, परसातली तगरीची दोन फुलं आणली, ओली करून खुर्चीच्या पाठीवर डावी-उजवीकडे चिकटवली आणि समोर पाटावर बसल्या. त्यांच्या माहेरी देवीला असाच कौल लावत. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही.

"काही दुखतंय का गं तुझं?"

डावं फूल पडलं. त्यांनी ते पुन्हा लावलं.

"आमचं काही चुकलं?"

डावं.

"उपास आहे?"

उजवं फूल इतक्या झटकन पडलं, की त्यांना हसू आलं. बरोबरच होतं. खुर्चीचं खाणं म्हणजे माणूस. साडी, तांब्या हे फराळाचं झालं.

"आषाढात कसला उपास?" अनंतराव दारात उभे होते. "श्रावण अजून लागायचाय. कारणच खोटं आहे हे."

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाई आले. त्यांनी खुर्ची उलटी करून पाहिली, सरळ केली आणि लांब होऊन उभे राहिले.

"ताई, हिचा उपास चाललाय."

"होय. कालच कळलं."

"मग मी न्हाई उचलत. रोजा असू दे, उपास असू दे, उपाशी माल टेम्पोत घालत न्हाई मी. घाटात सांधा सोडतो. मागं कोर्टातलं एक बाकडं होतं, शनिवार धरायचं. न ऐकता नेलं आणि आंबा घाटाच्या वळणावर चार तुकडे!"

"पण आषाढात?" अनंतरावांनी मुद्दा सोडला नाही.

"ते मला काय म्हाईत, साहेब? ही वरनं आली, पार उत्तरेतनं. तिकडं कचेरीत चाळीस वर्षं होती."

शैलजाबाई आत गेल्या आणि पंचांग घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"अहो, उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो! आपला श्रावण अवसेनंतर लागतो, त्यांचा पंधरा दिवस आधीच लागलेला असतो. बिचारी तिच्या नेमाने अगदी बरोबर चालली होती. आपणच तिला चुकीच्या पंचांगाने नोटीस दिली."

अनंतरावांनी बोटं मोजली. "म्हणजे तिचे पंधरा झाले. आता आपला महिना. एकूण पंचेचाळीस दिवस?"

"नाही हो. व्रत जिथे घेतलं तिथल्या रीतीने फेडायचं. तिचं पारणं नारळी पौर्णिमेला."

"आता ती रत्नागिरीत राहते. रहिवासाचा नियम..."

शैलजाबाईंनी कौल लावला. नारळी पौर्णिमेला उजवं पडलं.

ठरलं ते असं. नारळी पौर्णिमेपर्यंत खुर्ची इथे राहील. त्या दिवशी तिचं पारणं झालं, की रज्जाकभाई तिला घेऊन जातील आणि बदल्यात मोठी रेक्झिनची आरामखुर्ची देतील, जिला कसलाही नेम नाही. याची रज्जाकभाईंनी चौकशी करून खात्री दिली. शैलजाबाईंनी पंचांग मिटलं. उपाशीपोटी जात नाही, एवढं तरी साधलं होतं.

ते पंधरा दिवस त्यांनी तिचं फार जपलं. उपाशी माणसासमोर ताट वाढून बसू नये म्हणून सोफ्यावर कोणी बसायचं नाही असं ठरवलं. आलेगेले स्वयंपाकघरात सतरंजीवर बसत. सकाळी त्या ओल्या फडक्याने तिचा वेत पुसत, आपली कहाणी वाचत तेव्हा तिलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचत. एका सोमवारी पूजा आटोपल्यावर त्यांनी सहज कौल लावला.

"कोणासाठी धरलंयस गं हे? स्वतःसाठी?"

डावं.

"तुझ्या जोडीच्या खुर्च्या कुठे गेल्या, त्यांच्यासाठी?"

डावं.

त्यांनी फूल पुन्हा लावलं. मग नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या पाठीसाठी?"

उजवं फूल पडून टीपॉयखाली गेलं.

खिडकीच्या कट्ट्याशी पेपर सळसळला. "माझ्यासाठी?" अनंतराव म्हणाले. "मला तर वीस-बावीस दिवस उभं केलंय हिने!"

पण दुपारी त्यांनी खुर्चीच्या पाठीवरची नोटीस काढली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. टेम्पो मात्र रद्द केला नाही.

नारळी पौर्णिमेला शैलजाबाईंनी खुर्चीला हळदकुंकू वाहिलं. रज्जाकभाई साडेदहालाच हजर झाले. टेम्पोत दोऱ्या बांधलेली रेक्झिनची खुर्ची होती. ते सतरंजीवर चहा घेत बसले.

"महिनाभराचा उपास आहे," शैलजाबाईंनी बजावलं. "एकदम जड नको. हळूहळू देऊ."

आधी घडीची शाल ठेवली. मग नारळ. मग भरलेली पितळी कळशी. मग त्या स्वतः बसल्या. सत्तेचाळीस किलो. खुर्ची जराही हलली नाही. वेत अगदी बारीक करकरला, भुकेल्याने पहिला घास घ्यावा तसा. पाच मिनिटांनी त्या उठल्या.

"या आता. टेकत टेकत बसा हं. चौऱ्याऐंशी किलो आहात."

अनंतराव हातांवर भार घेत खाली आले. थोडे बसले, थांबले, आणखी बसले. मग पूर्ण बसले. त्यांनी डोळे मिटले.

पंधरा मिनिटांनी रज्जाकभाईंनी कप खाली ठेवला. "साहेब, उठा आता. घाट गाठायचाय."

"तिचं झालेलं नाही अजून," अनंतराव डोळे न उघडता म्हणाले.

"तुमाला कसं कळलं?"

"जेवतेय ती. जेवताना कोणाला उठवायचं असतं का?"

बारा वाजता शैलजाबाईंनी त्यांना ताट हातात दिलं. रज्जाकभाईंना सतरंजीवर पान वाढलं. नारळीभात त्यांनी दोनदा मागून घेतला. एक वाजला, दोन वाजले. महिनाभराचे जुने पेपर अनंतरावांनी मागवून घेतले. तीनला रज्जाकभाई उठले. आपल्याला हा प्रकार नवा नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"ताई, जाऊ मी? हे काय आज आवरत न्हाई."

"भात देते डब्यात. आणि ती रेक्झिनची?"

"ती बसल्या जागी खूश हाय. तिला काय!"

टेम्पो गेला. साडेपाचला वेत एकदा सैल होऊन करकरला आणि खुर्चीचं झालं, हे दोघांनाही कळलं. अनंतराव उठले, कमरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले.

"उद्या किती वाजता वाढायचं हिला?" त्यांनी विचारलं.

"दहाला. तुमचा चहा झाला की."

"उशीर नको व्हायला," ते म्हणाले, आणि घड्याळाला किल्ली द्यायला गेले.