सिद्रामअण्णाचं दार

सिद्रामअण्णा कुनाच्या घरात सरळ शिरायचा न्हाय. आमच्या वस्तीत दारं कुटली? माझ्या खोलीला पोत्याचा पडदा. तर अण्णा पडद्याबाहीर उभा ऱ्हायचा, दोनदा खाकरायचा, दोन बोटांनी पोत्याची कड धरायचा आन आत न बघता इचारायचा, "येऊ का?" मी चुलीपाशी, त्याच्यापास्नं दोन हातांवर. तरी मी "या" म्हनल्याबिगर पाऊल आत न्हाय.

दुसरं कोन आलं की आनखी मजा. त्याची खोली माझ्या शेजारी, आन तो दिसभर आपल्या स्टुलावर बाहीर बसलेला. माझ्याकडं कोन बी येऊ दे, अण्णा उठून म्होरं व्हायचा. "तंगी, पलीकडची म्हातारी आलीया. सोडू का?" तंगी म्हंजी कानडीत धाकटी भैन. अण्णा अक्कलकोटाकडचा, निम्मा कानडी, निम्मा मराठी. एकदा म्हनला, "तंगी, शेरडू आलंय. सोडू का?" मी म्हनलं, "नगं सोडू, पीठ खाईल." तर त्यानं शेरडाला सांगितलं, "सायेब कामात हायेत. उद्या या."

अण्णा पट्टेवाला हुता. सोलापुरातच एका मोठ्या कचेरीत, सायबाच्या दाराबाहीर तीस वर्सं. नोकरीच्या मुलाकती त्याच दाराआड व्हायच्या. रिटायर झाला तवा सायबानं इचारलं, काय पायजे तुला, तर ह्यानं ते स्टूल मागितलं. वस्ती हसायची त्याला. मी बी हसले. हसायला काय लागतंय.

माझं तवा असं हुतं. आमचं मालक गिरनीत हुतं, छातीच्या दुखन्यानं गेलं. मागं दोन पोरी. दुष्काळात मी खडी फोडली, मग बिड्या वळल्या. म्होरं बोटंच वळंनात. तवा वळसंगच्या दिराचा सांगावा आला, "पोरींना घिऊन हिकडं या, रानात कामाला लागतील." रानात लागतील म्हंजी शाळा सुटली. थोरली शांता सातवीत, हुशार लई. मी रडले बिडले न्हाय. रडून कुनाचं काय झालंय? तेवढ्यात कळलं, एका शाळेत बारक्या पोरांना सांभाळायला आया पायजे. शांतानं अर्ज लिवला, मी अंगठा केला. आन कागूद आला, मुलाकतीला या म्हनून. दिराला सांगून धाडलं, म्हैनाभर थांबा.

मुलाकत म्हंजी काय करायचं असतंय, मला ठावं न्हवतं. कागूद घिऊन अण्णाकडं गेले. त्यानं तो उजेडाला धरून बघितला, टोपी काडली, परत घातली.

"तंगी, भिऊ नगं. आत काय बी होऊ दे, दारात चुकू नगं."

हे त्याचं पालुपद. दुसऱ्या दिशी सकाळी आला, खाकरला, आत आला आन माझी बाज उचलून खोलीच्या मधी उभी केली. हे दार. बाजंच्या पलीकडं शांताला पालथ्या पाटीवर बसवली. हा सायेब. धाकटी खिदळाय लागली, तर तिला म्हनला, "तू घंटी."

आठ दिस मी ती बाज ढकलत हुते.

"तळहातानं ढकलायचं. बोटांनी ढकलनारा भित्रा."

"व्हय."

"आत गेल्यावर वळायचं, दार लावायचं. आवाज न्हाय करायचा. दार सोडून दिलं की गेली नोकरी."

"व्हय."

"चपला बाहीर काडायच्या. टाचा भितीकडं."

"मला चपला न्हाईत की, अण्णा."

ह्यावर त्यानं लई येळ इचार केला. "मग पाय पुसायचं. दोनदा. तीनदा पुसलं तर घाबरलीया म्हनत्यात."

चौथ्या दिशी बाज माझ्या अंगावर पडली. गुडघा फुटला. अण्णा म्हनला, "असं झालं तर ओरडायचं न्हाय. हळूच उभी करायची."

मी म्हनलं, "अण्णा, समदं खरं. पन आत गेल्यावर इचारत्यात काय?"

तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. "ते मला काय म्हाईत? दार लावलेलं असतंय की."

"तीस वर्सांत काय बी ऐकलं न्हाई?"

"पट्टेवाल्यानं ऐकायचं नसतंय," अण्णा म्हनला. लई ताठ म्हनला.

घ्या! इहिरीत उतरायचं कसं ते शिकवलं, पवायचं कोन शिकवनार? मी इचारलं, मग नोकरी कुनाला लागली ते कसं कळायचं? तर म्हनला, बाहीर येनाऱ्याच्या चालीवरनं. छत्री इसरून जातो तो लागला. त्याच्या डोक्यात दुसरं काय मावत न्हाय. दोन दिसांनी म्हनला, छत्री इसरला तो गेला. मी म्हनलं, परवा उलटं सांगितलं तुमी. तर म्हनला, "ती पावसाळ्यातली गोष्ट." मला कायच कळंना. शांता म्हनली, "आई, तू नुसतं व्हय म्हन."

पन शेवटचं एक त्यानं सांगितलं ते समद्यात इचित्र. म्हनला, "बाहीर आलीस की आदी पट्टेवाल्याच्या तोंडाकडं बघायचं."

"ते कशाला?"

"बघायचं. आत जाताना समदी त्याच्याकडं बघत्यात. केस नीट हायेत का, सायेब रागात हाय का, समदं त्यालाच इचारत्यात. येताना कोन बघत न्हाय. मी तीस वर्सं पान्याचा पेला धरून उभा ऱ्हायलो."

"पन सायबाला कसं कळनार, मी बघितलं का न्हाय ते? त्यानं नोकरी मिळती व्हय?"

अण्णानं बाज खाली ठिवली, आपल्या खोलीत गेला आन पडदा वढून घेतला. दिसभर स्टूल रिकामं.

मुलाकतीच्या दिशी मात्र माझ्या आदी तयार. अंगात खाकी कोट. बिल्ला कचेरीनं काडून घेतलेला, पन तेवढ्या जागी कापड अजून गडद दिसत हुतं. एका हातात पान्याचा तांब्या, दुसऱ्यात पितळी पेला. मे म्हैना, सोलापूरचं ऊन, खाली डांबर इतळतंय. आमी चालत गेलो. वाटंभर मी मनात म्हनत हुते, तळहात, वळायचं, आवाज न्हाय, दोनदा.

शाळेत बघतो तर वर्गांना चुना द्यायचं चाललेलं. अंगनात लिंबाखाली टेबल मांडलेलं, तितं दोन सायेब आन एक बाई बसलेली. दार कुटंच न्हाय.

बाईनं हाळी दिली, "सोजरबाई, या."

माझा पाय उचलंना. मी म्हनलं, "कुटनं येऊ?"

"अवो, हितनंच या की. समदं मोकळंच हाय."

मोकळं हाय म्हनूनच कळंना! आठ दिस दार ढकलून माझा हात दारासाठी वर आलेला, आन म्होरं नुसती हवा. सायेब एकमेकांकडं बघाय लागले. मला वाटलं, गेलं. पोरी निगाल्या वळसंगला.

मी अण्णाकडं बघितलं. त्याचं तोंड तर माझ्याहून पडलेलं. घरी यावं आन घरच जाग्यावर नसावं, तसं. मग त्यानं तांब्या-पेला लिंबाच्या बुडाशी ठिवला. म्होरं गेला. टेबलापास्नं चार पावलांवर ताठ उभा ऱ्हायला. दोनदा खाकरला. दोन बोटांनी हवेची कड धरली आन म्हनला,

"सायेब, सोजरबाई आल्यात. सोडू का?"

चुना देनारी मानसं बी थांबली. थोरला सायेब म्हनला, "सोडा."

मी मातीवर पाय पुसलं, दोनदा. तळहातानं ढकललं. आत गेले. वळले आन दार लावलं. बाईनं पदर तोंडाला लावला, पन माझं आंग एकदम निवलं. आता मी आत हुते.

"पोरगं रडाय लागलं तर काय कराल?"

"उचलीन."

"तरी थांबलं न्हाई तर?"

"मग रडू दीन. मांडीवर."

"कपड्यात घान केली तर?"

"धुईन. त्यात इचारायचं काय?"

"लिहितावाचता येतं?"

"न्हाय."

धाकट्या सायबानं कागदावर कायतरी खरडलं. मग थोरल्यानं इचारलं, "हे म्हातारे कोन तुमचे?"

हे अण्णानं शिकवलेलं न्हवतं. मी इचार बिचार केला न्हाय. खडीवर काम केलेलं, आवाज आपसूक मोठा. म्हनलं, "थोरला भाऊ हाय, सायेब. पट्टेवाला हुता. तीस वर्सं दारात उभा ऱ्हायलाय."

"बरं. या आता."

नोकरी लागली, ते सांगून टाकते, न्हायतर तुमचा जीव तितंच अडकंल. त्या शाळंतनंच मी म्हातारी होऊन बाहीर पडले, आन शांता मास्तरीन झाली. पन तवा काय कळलं न्हवतं. मी उठले, दार उघडलं, बाहीर आले, परत लावलं. आन आदी पट्टेवाल्याच्या तोंडाकडं बघितलं.

तो लिंबापाशी पेला घिऊन उभा हुता. पेला रिकामा.

"अण्णा, पानी?"

तो वळला आन भितीच्या सावलीत जाऊन बसला. पेला हातात फिरवत बोलला. "आमचा पोरगा मल्लू हाय न्हवं, पुन्याला. त्याची मुलाकत माझ्याच दाराआड झाली. त्या दिशी मी दाराला कान लावला. तीस वर्सांत एकदाच. सायबानं इचारलं, वडील काय करतात? तर म्हनला, शेती." अण्णा हसला. "माझ्या नावावर ढेकूळभर माती न्हाय, तंगी. मला शेतकरी करून टाकला की त्यानं."

"मग?"

"मग बाहीर आला. लागला हुता, चालीवरनं कळलं. मी पेला म्होरं केला. तो सरळ गेला."

मी त्याच्या हातातला पेला घेतला आन बघितला. थेंब न्हवता.

"पानी मीच पिलो, तांब्यातलं बी," अण्णा म्हनला. "दार न्हवतं. समदं ऐकू आलं."

मग आमी शाळंच्या नळाकडं गेलो. म्होरं अण्णा, मागं मी. नळापाशी कोन न्हवतं. तरी बी अण्णा चार पावलं अलीकडं थांबला आन दोनदा खाकरला.