वारं लागू द्या म्हणणारे रज्जाकभाई

आमच्या शेजारचे रज्जाकभाई कुणाच्याही घरात गेले की आधी टीव्हीचं कव्हर काढतात. मग फ्रिजवरचा टॉवेल, मग मिक्सरवरचं झबलं. दिलेलं पाणीसुद्धा त्यानंतर पितात. मी हौसेनं क्रोशाची जाळी विणून टीव्हीवर घातली होती, तर ह्या माणसानं ती दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिली.

"वैनी, वारं लागू द्या. जीव गुदमरतोय त्याचा."

"कुणाचा?"

"टीव्हीचा की!"

आता बोला!

न्हावऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पोटासाठी रज्जाकभाई पंप आणि मिक्सर दुरुस्त करतात, पण जीव सगळा ॲम्प्लिफायरमध्ये. ॲम्प्लिफायर म्हणजे मंडपातल्या भोंग्याला आवाज पुरवणारी पेटी. ती रज्जाकभाई घरी बनवतात. तिच्यात नाण्याएवढे ट्रान्झिस्टर असतात, ते आवाज मोठा करतात आणि करता करता तापतात. तो ताप बाहेर निघावा म्हणून त्यांना ॲल्युमिनियमवर आवळून बसवायचं, मध्ये अभ्रकाचा पापुद्रा, त्याला पांढरी पेस्ट. तुम्ही म्हणाल, हिला बरं माहीत! अहो, भिंतीपलीकडून मला रोज दुसरं काही ऐकूच येत नाही.

"आवाज कुणीबी वाढवंल वैनी, त्यात काय? ताप काढता आला पायजे."

ॲल्युमिनियमसाठी हे शिरूरच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून तुकडे गोळा करून आणतात. एकदा तुकडे कमी पडले, तर माझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण 'जरा मापाला' म्हणून घेऊन गेले. ते झाकण मला थेट गणपतीच्या मंडपात दिसलं. भोंग्याच्या पेटीला पाठीमागून स्क्रूनं आवळलेलं!

"अहो, माझं झाकण!" मी किंचाळले.

"हळू वैनी, आरती चालू हाय."

पेटी किती तापली हे बघायचीही त्यांची एक रीत आहे. बोट टेकवायचं आणि थांबायचं. बोट टिकलं तर ठीक, चटका बसून उचलावं लागलं तर पेटी बंद. आता हे पेटीपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण हे मोटारसायकलला बोट लावतात, चहाच्या कपाला लावतात. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा कपाळाला बोट लावून म्हणाले, "टिकतंय. काय न्हाई हुत." ग्रामसभेत सरपंच लाल होऊन भांडत होते, तर ह्यांनी मागून जाऊन त्यांच्या मानेला बोट लावलं. सभा तिथंच हसून संपली.

त्यांची बायको हमीदाभाभी. नवऱ्याच्या अगदी उलट, शांत. मागं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, शब्द मोजकेच राहिले. त्यात मुलीचं, नसरीनचं लग्न ठरलं. मुलगा दौंडचा. मंडप शाळेमागच्या मैदानात, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि भाभींनी हट्टच धरला की मी मंडपात येणार नाही.

"सोयऱ्यांपुढं... हे तोंड?" एवढंच म्हणाल्या. नसरीन रडली, मी समजावलं, रागावलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाई मंडपाच्या खांबावर चढले आणि एक भोंगा सरळ आपल्या घराकडं तोंड करून बांधला.

"निकाह तिला घरात ऐकू आला पायजे," मला म्हणाले. "मोबाईलचं काय खरं न्हाई, मधीच रेंज जाती. आन् भाड्याचा सेट आणला तर त्यो सोयऱ्यांसाठीच वाजंल. ह्यो माझा हाय."

लग्नाचा दिवस. मे महिना, टळटळीत दुपार. मी भाभींजवळ बसले होते, खिडकी सताड उघडी. काझींचा आवाज असा स्वच्छ येत होता की शेजारी बसून बोलावं. भाभींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलेलं, बांगड्या रुतायला लागल्या होत्या. काझींनी नसरीनचं नाव घेतलं आणि भोंगा गप्प झाला.

भाभींनी माझ्याकडं बघितलं. अशी नजर वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मग दाराकडं बघितलं. मी पदर खोचला आणि पळाले.

मंडपात रज्जाकभाई पेटीपुढं गुडघे टेकून बसले होते. आणि पेटीवर हा एवढा ढीग! मानाचे टॉवेल आणि टोप्या! आमच्याकडं लग्न कुणाचंही असो, पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिल्याशिवाय मान पुरा होत नाही. ते मानपानाचं खातं आमच्या ह्यांच्याकडं होतं.

"स्वच्छ जागा दिसली, म्हणून ठेवले," आमचे हे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढी वर्षं शेजार करताय आणि एवढंही कळंना तुम्हाला? त्या पेटीवर?" पुढचं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"जळाली न्हाई वैनी," रज्जाकभाई म्हणाले. "लई तापली की आपसूक बंद पडंल असं बटण बसवलंय मी. पर गार व्हायला टाइम लागंल."

नवऱ्या मुलाचा मामा पुढं आला. "भोंग्याचं काय घेऊन बसलात भाई? काझीसाहेब मोठ्यानं बोलतील. उरका की!"

रज्जाकभाई उठले, हात जोडले. "काझीसाहेब, थोडा दम धरा. पोरीचा बाप मागतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीपरीस पेटी प्यारी दिसतीया." मला राहवेना. कशासाठी थांबवलंय ते सगळ्यांना ओरडून सांगणार, तोच रज्जाकभाईंनी डोळ्यांनी मला गप्प केलं. बायकोचं दुखणं त्यांना मंडपात मांडायचं नव्हतं. काझी भला माणूस, मान हलवून बसून राहिला.

आमच्या ह्यांना मात्र लाज वाटली असावी. ढिगातला एक टॉवेल झटकला आणि पेटीला वारा घालायला लागले. मग सरपंचांनी एक घेतला. मग शेवटी त्या मामानंही घेतला. मानाच्या टॉवेलांनी गावचे मानकरी पेटीला वारा घालतायत आणि नवरदेव सेहरा बाजूला करून बघतोय, असं लग्न मी जन्मात बघितलं नव्हतं.

"तुम्ही जावा," रज्जाकभाई मला म्हणाले. "ती एकली हाय."

मी परत येऊन बसले. "येतोय हं आवाज, येतोय," म्हणत राहिले. आणि मग भोंगा घुमला. काझींनी पहिल्यापासून विचारलं. नवरदेवाचा कोवळा आवाज खिडकीतून आत आला, "कबूल है." तीनही वेळा, अक्षरन् अक्षर.

जिवात जीव आला हो! मी भाभींच्या गळ्यात पडून रडले. त्या रडत होत्या आणि अर्ध्या तोंडानं हसतही होत्या, आणि इतक्या छान दिसत होत्या की काय सांगू.

दुआ झाली, गलका झाला. मग भोंग्यातून कुणीतरी खाकरलं. रज्जाकभाई होते. ह्या माणसानं चारचौघांत बायकोला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"हमीदा," सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ते म्हणाले. "आलं का गं ऐकू?"

भाभींनी डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "आलं. सगळं आलं."

ते तिकडं ऐकू जाणार नव्हतं. मी पुन्हा चपला पायांत सरकवल्या आणि सांगायला पळाले.